बाटलीतली रात्र

अमेरिकेतली भाची दर हिवाळ्यात येते, तेव्हा तिच्या बॅगेत बदाम, चॉकलेटं, सांधेदुखीचं मलम असा ठरलेला ऐवज असतो. दोन वर्षांपूर्वी त्यात माझ्यासाठी एक बाटली निघाली. "मावशी, ही झोपेची गोळी नव्हे गं. मेलाटोनिन आहे, एकदम नॅचरल! तिकडे दुकानात सरळ फळीवर मिळतं." त्या 'नॅचरल'वर मी भाळले.

शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. पहाटे उठवणारी सकाळची शाळा संपली आणि इथे जबलपुरात माझ्या दिवसाला काही बांधच उरला नाही. उठायचं आठला, दुपारी दोन तास ताणून द्यायची, संध्याकाळी सातला ह्यांच्यासोबत कडक चहा आणि रात्री अंथरुणात मोबाइल. मग एक वाजेपर्यंत छताकडे बघत पडायचं.

गोळी १० मिलिग्रॅमची होती. पहिले काही दिवस झोप लागली. पुढे लागेना, तशी मी एकच्या सुमाराला दुसरीही घेऊ लागले. सकाळी डोकं जड, जीभ कोरडी. एकदा नऊच्या सुमाराला ग्वारीघाटाकडे निघाले आणि पेंग येऊन स्कूटर दुभाजकाला घासली. गुडघ्यावर निभावलं.

डॉक्टरांनी विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?" मी रक्तदाबाची सांगितली, थायरॉइडची सांगितली. बाटली सांगितलीच नाही. ती मी औषधात धरलीच नव्हती! माझी खरी चूक हीच.

मेलाटोनिन हे संप्रेरक आहे. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी ते स्रवते. ते शरीराला झोपवत नाही, रात्र झाल्याची दवंडी पिटतं. डोळ्यांसमोर मोबाइल झगमगत असला, तर तीच दवंडी दबते. निद्रानाशात या गोळीने झोप सरासरी सातेक मिनिटंच लवकर लागते, असं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलं. लांबच्या विमानप्रवासानंतर किंवा शरीराचं घड्याळ पुढे-मागे सरकलेल्यांना तिचा उपयोग होतो, पण तिथेही मात्रा लहान आणि वेळ नेमकी लागते. मध्यरात्रीनंतर घेऊन मी माझं घड्याळ सुधारत नव्हते, बिघडवत होते.

शिवाय बाटलीवरचा आकडा खरा असेलच असं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या तपासणीत ३१ उत्पादनांमध्ये मेलाटोनिन लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त निघालं होतं. ब्रिटनमध्ये तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची, मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी विचारल्याशिवाय हात लावू नये.

मला लागू पडलं ते सांगते. झोपायची नव्हे, उठायची वेळ आधी बांधून घ्या. रात्र कशीही गेलेली असो, मी सहाला उठते आणि अर्धा तास उजेडात चालते. जूनमध्ये जबलपुरात साडेपाचच्या आधीच उजाडतं, माझ्या पुण्याच्या बहिणीपेक्षा अर्धा तास आधी. ही फुकटची मिळकत आहे. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की रात्रीची दवंडी वेळेवर वाजते.

दुपारची डुलकी वीस मिनिटं, तीही तीनच्या आत. चहा चारनंतर बंद. त्यातलं निम्मं कॅफीन पाचेक तासांनीही अंगात असतं. जेवण आठपर्यंत, नंतर घरात मंद दिवे. मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, गजरासाठी जुनं घड्याळ.

महिनाभर हे करूनही आठवड्यातल्या तीन-चार रात्री जागून जात असतील, घोरताना श्वास अडत असेल, पाय वळवळत असतील किंवा मन सतत खचलेलं असेल, तर डॉक्टरांकडे जा. निद्रानाशावर विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती आहे आणि आज तीच पहिला उपाय मानली जाते.

अजूनही कधीमधी झोप रुसते. तेव्हा मी पलंगावर कूस बदलत राहत नाही. उठते, झिरोच्या दिव्यात लसूण सोलत बसते. डोळे मिटू लागले की परत जाते. घड्याळ मात्र बघत नाही.