मनगटावरील घड्याळ आणि श्रमाचे मोजमाप

आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या मनगटावर आता स्मार्ट घड्याळ असते आणि दिवसाकाठी किती कॅलरी खर्च झाल्या ते सांगते. हा आकडा कोठून येतो, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण त्यावर विसंबून कोणी ताटातील भाकरी कमी करतो.

खर्चिलेली ऊर्जा घड्याळ प्रत्यक्ष मोजत नाही. प्रयोगशाळेत ती श्वासावरून काढतात; एक लिटर प्राणवायू वापरला गेला म्हणजे सुमारे ५ किलोकॅलरी. घड्याळापाशी असते ती केवळ हाताची हालचाल, त्वचेवर पाडलेल्या हिरव्या प्रकाशातून ओळखलेली नाडी आणि आपण भरलेले वय, वजन, उंची. पुढचे सारे अनुमान.

२०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० स्वयंसेवकांवर सात उपकरणे पडताळली. नाडीच्या बाबतीत सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. ऊर्जेच्या आकड्यात मात्र सर्वांत अचूक उपकरणही सुमारे २७ टक्के चुकले, तर सर्वांत सदोष ९३ टक्के! गडद वर्णाच्या त्वचेवर चूक अधिक आढळली. इतिहासाचा अभ्यासक प्रत्येक साधनाला जे विचारतो, तेच येथेही विचारावे: हे गणित कोणाच्या देहावरून बांधले?

डोक्यावरील विटांचे घमेले हाताने सावरत जिना चढणाऱ्या मातेचे मनगट जवळजवळ स्थिर असते, आणि घमेल्याचे वजन घड्याळाला ठाऊकच नसते. आपल्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या आया हेच काम करीत आल्या आहेत.

नाडीचा आकडा उपयोगी आहे. कॅलरीचा आकडा फार तर स्वतःच्या कालच्या आकड्याशी ताडावा. वाढत्या वयाच्या मुलामुलींचे जेवण त्यावरून ठरवू नये.