शर्यतीचा बैल : दुखापत आणि काळजी

जत्रांचा हंगाम आला की शिनोली-घोडेगाव परिसरात बैलगाड्याशिवाय दुसरा विषय नसतो. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला राज्याचा कायदा वैध ठरला. चाबूक, काठी चालणार नाही, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण न मारताही बैलाला इजा होते, ती कशी?

बैलाचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. घाटात सुसाट पळताना खुराच्या बेचक्यात खडा घुसला किंवा पाय मुरगळला, की सांधा सुजतो. म्हणून घाटातले दगड आधी वेचावेत, खूर रोज धुऊन बघावेत. वैरण खाल्ल्यावर लगेच पळवू नये. भरलेलं पोट फुप्फुसांवर दाबतं, दम लागतो. पळण्याआधी थोडं चालवावं आणि पळून आल्यावरही लगेच दावणीला बांधू नये.

पाय सुजला तर पहिल्या दिवशी थंड पाणी. आपल्याकडे लगेच गरम शेक देतात (आमच्या घरीही द्यायचे), त्याने सूज वाढते. दुखणं दाबणारं इंजेक्शन देऊन पळवणं तर सगळ्यात वाईट. दुखत नाही म्हणून बैल त्याच पायावर जोर देतो. अशा औषधांपैकी डायक्लोफिनॅक २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरत होती.

सूज उतरली तरी लंगडणं पूर्ण थांबून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्या बैलाला गाड्याला जुंपू नये.