पाणी कशाने बाटते?
(तीन शेजारी तलावांची तुलना)

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तेव्हा तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात पंचगव्य ओतून त्याची 'शुद्धी' केली. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी शेण-गोमूत्राने शुद्ध होते, असा हा न्याय! पाणी खरोखर कशाने बाटते, हे विज्ञानाच्या कसोटीवर पाहण्यासाठी आपण मुंबईतील तीन शेजारी तलाव घेऊ.

विहार (१८६०), तुळशी (१८७९) व पवई (१८९१) हे तलाव एकमेकांच्या जवळ आहेत. तिघांवर पाऊस तोच पडतो. परंतु विहार व तुळशीला पाणी येते ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून. ते प्रक्रिया करून मुंबईकरांना पिण्यास दिले जाते. पवईभोवती मात्र वस्ती व इमारती वाढल्या आणि वर्षानुवर्षे सांडपाणी तलावात मिसळत गेले. पवईचे पाणी पिण्यासाठी दिले जात नाही.

पाण्याची परीक्षा मुख्यतः तीन गोष्टींवरून होते.

१) विरघळलेला प्राणवायू : मासे व इतर जलचर यावरच जगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार, केवळ निर्जंतुक करून पिता येईल अशा जलसाठ्यात तो लिटरला किमान ६ मिलिग्रॅम हवा.

२) जैविक प्राणवायूची मागणी : पाण्यातील घाण कुजवताना जीवाणू जो प्राणवायू वापरतात, त्याचे हे माप. अशा साठ्यात ते लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

३) कोलिफॉर्म जीवाणू : यांच्यावरून मैला मिसळल्याचा संशय घेता येतो. त्यांची मर्यादा १०० मिलिलिटरला ५० आहे.

सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे जलपर्णीचे खत. ती पसरली की सूर्यप्रकाश अडतो, कुजली की प्राणवायू संपतो. पवईत हेच घडत आले.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन तलावांची तुलना करताना नमुने एकाच दिवशी, एकाच वेळी व सारख्या खोलीवरून घ्यावेत. कारण प्राणवायू पहाटे कमी व दुपारी अधिक असतो. नितळ दिसणारे पाणीही जंतुयुक्त असू शकते, म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबू नये.

याच उद्यानात कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. तेथील भिक्खूसंघासाठी उपासकांनी खडकात पाण्याच्या पोढी खोदवून दान दिल्या, असे शिलालेख सांगतात. डोंगरावरचे पावसाचे पाणी पन्हळींतून त्यांत साठे. पाणी स्वच्छ राखणे हा आपला जुना वारसा आहे.

चवदार तळ्यावरील आपला हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी मान्य केला. पाण्यापर्यंत पोहोचण्याचा तो लढा होता. आता पोहोचलेले पाणी पिण्याजोगे आहे काय, हे विचारणे आपले काम आहे. आपल्या वस्तीतील पाण्याचा तपासणी अहवाल माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये मागता येतो. सुशिक्षित तरुणांनी तो मागावा, वाचावा व वस्तीला समजावून सांगावा.

जयभीम!