खेळ मध्येंच कां अडतो ?

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांतील आसगांव हें धानाच्या शेतीचें गांव. येथील आमच्या एका विद्यार्थ्यास बुद्धिबळाचा मोठा नाद आहे. गांवांत बरोबरीचा जोडीदार मिळत नाहीं, म्हणून तो घरच्या इंटरनेटवर दूरदूरच्या मुलांशीं डाव मांडतो. घरापर्यंत तार आलेली नाहीं. मोबाइलच्या टॉवरवरून येणाऱ्या लहरी पकडून इंटरनेट घरभर वांटणारा राउटर तेवढा आहे. एके सायंकाळीं, डाव जिंकत आला असतां, पट जागच्या जागीं थिजला. तो पुन्हां हलूं लागला तोंपर्यंत घड्याळ संपून डाव गेला होता. मुलगा म्हणाला, "नेटवर्क गेलें." वडील म्हणाले, "तूं हरलास कीं नेटवर्क जातें !" तरीही त्यांनीं दुसऱ्या दिवशीं अधिक किमतीचा रिचार्ज केला. डाव पूर्वींप्रमाणेंच अडत राहिला, आणि पुढील महिन्यापासून नेटच बंद करावें असें वडिलांनीं मनांत घेतलें.

ही अडचण थोर खेळाडूंसही चुकलेली नाहीं. 30 ऑगस्ट 2020 रोजीं ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडचा अंतिम सामना भारत व रशिया यांच्यांत झाला. नाशिकचे विदित गुजराथी भारतीय संघाचे कर्णधार होते आणि आमच्या शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुख संघांत होत्या. दुसऱ्या फेरींत निहाल सरीन व दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला आणि दोघांचेही डाव वेळ संपल्यामुळें गेले. त्या दिवशीं इंटरनेटच्या एका मोठ्या जाळ्यांत बिघाड होऊन जगभर अनेकांस त्याचा उपद्रव झाला होता. भारतानें दाद मागितली, आणि दोन्ही देशांस संयुक्त विजेते ठरविण्यांत आलें. ह्याच दिव्या देशमुख 2025 सालीं महिला विश्वचषकाच्या विजेत्या झाल्या. दोष खेळाडूंचा नव्हता. तो कोठें होता हें दाखवितां आलें, म्हणून न्याय मिळाला. आसगांवच्या मुलासही हेंच करणें अवश्य होतें.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. रिचार्ज मोठा केला म्हणजे खेळ सुरळीत चालतो, ही समजूत खरी नव्हे. समजा, वैनगंगेच्या पैलतीरीं चिठ्ठी पाठवून उत्तर आणावयाचें आहे. पन्नास पोतीं धान नेणारी नाव भरल्यावर सुटेल. लहानसा डोंगा लगेच सुटेल. चिठ्ठीला डोंगाच बरा. चित्रपट पाहणें म्हणजे धानाचीं पोतीं वाहणें होय. तेथें नाव मोठी पाहिजे. खेळाची बातमी चिठ्ठीएवढीच असते, परंतु ती तत्काळ जाऊन उत्तर तत्काळ आलें पाहिजे. ह्या जाण्यायेण्याच्या वेळास पिंग म्हणतात व तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मोजतात. धांवपळीच्या खेळांत पिंग 50 च्या आंत असल्यास उत्तम. 150 च्या वर गेल्यास हात आणि डोळे यांचा मेळ बसत नाहीं. बुद्धिबळास 200 देखील चालतो. परंतु पिंग घटकेंत 40, घटकेंत 900 असा उड्या मारूं लागला, किंवा चिठ्ठ्या वाटेंतच गहाळ होऊं लागल्या, तर कोणताच खेळ चालत नाहीं. मुलाचा पट थिजण्याचें कारण हें होतें.

आतां दोष शोधावा कसा ? बांधींत पाणी पोंचलें नाहीं तर शेतकरी प्रथम धरणावर धांवत नाहीं. तो आपल्या बांधीच्या धुऱ्यापासून आरंभ करून पाट तपासत वर जातो. तीच रीत येथें धरावी. मुलाच्या हातांतील यंत्र, राउटर, टॉवर, कंपनीचें जाळें आणि खेळाचा सर्व्हर असा हा पाट आहे. एका वेळीं एकच बदल करावा आणि काय आढळलें तें वहींत वेळेसह लिहावें. दोन बदल एकदम केल्यास गुण कशाचा आला हें कळत नाहीं.

पहिला टप्पा घरांतला. राउटरच्या तळाशीं त्याचा अंकांचा पत्ता छापलेला असतो. बहुधा तो 192.168 ह्या अंकांनीं सुरू होतो. संगणकावरून पिंग ही आज्ञा त्या पत्त्यास द्यावी. तारेनें जोडले असल्यास उत्तर एकदोन मिलिसेकंदांत येतें, वायफायवर थोडें अधिक लागतें. आमच्या विद्यार्थ्यास राउटरजवळ 3 हा आंकडा मिळाला, परंतु तो जेथें खेळत असे त्या मागच्या खोलींत 200 च्या वर ! मध्यें मातीची जाड भिंत होती आणि भिंतीस लागून धानाची लोखंडी कोठी होती. लोखंड लहरींस परतवून लावतें, माती त्यांस शोषून घेते. वायफायच्या दोन जाती असतात : 2.4 गिगाहर्ट्झची लांब जाते परंतु तिच्यावर गर्दी फार. 5 गिगाहर्ट्झची चपळ असते परंतु भिंतीपुढें लवकर थकते. दोन्ही नकोत तर साधी केबल ओढावी. मुलानें तसेंच केलें, आणि आंकडा 1 वर आला.

दुसरा टप्पा राउटरपासून टॉवरपर्यंतचा. कित्येक घरीं राउटर मुलाच्या खाटेशेजारीं ठेवितात. वास्तविक तो टॉवरच्या सोयीनें ठेवावा : उंच जागीं, खिडकींत, पत्र्यापासून व कपाटांपासून दूर. तेथून मुलापर्यंत केबल आणावी. टॉवरवरून येणारें बळ राउटरच्या माहितीच्या पानावर उणे आंकड्यांत दिसतें. उणे 80 चांगलें, उणे 110 क्षीण. आणि दर 10 आंकड्यांस बळ दहा पटींनीं बदलतें. त्याच पानावर इतर लहरींच्या गोंगाटापुढें आपली लहर कितपत ठळक आहे याचाही आंकडा असतो ; तो जितका मोठा तितका बरा. मोबाइलवरील दांड्यांवर विसंबूं नये. चारही दांड्या असून गोंगाटामुळें खेळ अडतो. प्रत्येक खिडकींत राउटर दहा मिनिटें ठेवून दोन्ही आंकडे लिहावेत. विदर्भाच्या वैशाखांत पत्र्याखालीं राउटर तापून मंदावतो, याचीही आठवण ठेवावी. ज्यांच्या घराबाहेर कंपनीनें 5जी चें ग्रहणयंत्र बसविलें आहे त्यांनीं तें स्वतः हलवूं नये. कंपनीच्या माणसाकडून फिरवून घ्यावें. बाजारांत मिळणारें लहरी वाढविण्याचें यंत्र, ज्यास बूस्टर म्हणतात, तें परवानगीवांचून लावणें हा गुन्हा आहे ; त्यानें आपलें साधो न साधो, शेजाऱ्यांचें नेटवर्क मात्र बिघडतें.

इतकें झाल्यावर दिवसाचे डाव नीट चालूं लागले, परंतु सायंकाळीं सातच्या सुमारास पट पुन्हां थिजे. वहींतील वेळा पाहतां पाहतां मुलाच्या ध्यानांत आलें कीं, वडील शेतावरून घरीं येतात त्याच वेळीं असें घडतें. वडिलांचा मोबाइल घरच्या वायफायला लागतांच दिवसभर काढलेलीं छायाचित्रें व चित्रफिती आपोआप वर पाठवूं लागे. एकानें पाटाचें सगळें पाणी आपल्या बांधींत वळविलें तर खालच्यास थांबावेंच लागतें. मोबाइलच्या इंटरनेटवर वर पाठविण्याची वाट बहुधा अरुंद असते. ती भरली कीं खेळाच्या चिठ्ठ्या पोत्यांमागें रांगेंत उभ्या राहतात. उपाय सोपा होता. छायाचित्रें पाठविण्याची वेळ मध्यरात्रीवर ढकलली. ज्या राउटरमध्यें यंत्रागणिक मर्यादा घालण्याची किंवा खेळास अग्रक्रम देण्याची सोय असते, तेथें ती वापरावी. वडील हंसून म्हणाले, "पाट आमच्याच हातून फुटला होता म्हणावयाचा."

तिसरा टप्पा टॉवरवरील गर्दीचा. वहींत पहांटे पांचचा आंकडा 45 होता, दुपारचा 60, रात्रीं नऊचा 180. घरांत कांहीं न बदलतां वेळेप्रमाणें असा फरक पडला तर दोष घरचा नव्हे. त्या वेळीं सारें गांव त्याच टॉवरवर असतें. शेजाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीचें सिम असल्यास त्याच्या हॉटस्पॉटवर त्याच वेळीं मोजून पाहावें. तेथें आंकडा चांगला आला तरच कंपनी बदलण्यांत अर्थ आहे. अन्यथा वहींतील आंकडे सांगून कंपनीकडे तक्रार नोंदवावी व तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागतां येते. "नेट चालत नाहीं" एवढ्या तक्रारीपेक्षां वेळ, जागा आणि आंकडा सांगणाऱ्या तक्रारीस अधिक वजन असतें.

शेवटचा टप्पा दूरच्या सर्व्हरचा. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें 2 लक्ष किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेंत सुमारें 3,900 किलोमीटर. म्हणजे जाऊन येण्यास निदान 39 मिलिसेकंद लागणारच. कोणताही राउटर हें अंतर कमी करूं शकत नाहीं. म्हणून खेळांत सर्व्हर निवडण्याची सोय असल्यास मुंबईचा निवडावा.

आणखी एक गांठ अशी कीं, पुष्कळ घरांस मिळून कंपनी बाहेरचा एकच पत्ता वापरते. त्यामुळें खेळ चालतो, पण मित्राशीं थेट जोडणी किंवा बोलणें होत नाहीं. राउटरमध्यें दारें उघडण्याचा जो उपाय सांगितला जातो, तो येथें बहुधा व्यर्थ जातो, कारण पुढचें दार कंपनीच्या हातीं असतें. राउटरमध्यें आयपीव्ही6 चालू आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि अगदींच अडल्यास स्वतंत्र पत्ता मिळेल काय हें कंपनीस विचारावें. विजेचीही गोष्ट विसरूं नये. वीज गेली कीं टॉवर चालू असला तरी घरचा राउटर बंद पडतो. त्यास लहानशी बॅटरी जोडल्यास डाव वांचतो.

पालकवर्गास एक सूचना करणें आम्हांस अवश्य वाटतें. पैसे लावून खेळविले जाणारे ऑनलाइन खेळ भारतांत 2025 च्या कायद्यानें निषिद्ध ठरले आहेत. असा खेळ अडला तर तो अडलेलाच बरा. बाकीच्या खेळांची वेळ घरानें ठरवावी. मात्र "नेटवर्क गेलें" असें मूल म्हणालें, तर त्यास लबाड ठरविण्यापूर्वीं त्याच्या हातीं वही द्यावी.

आसगांवच्या त्या घरीं रात्रीं नऊची गर्दी अद्याप हटलेली नाहीं. मुलगा आतां डाव पहांटे मांडतो, आणि कधीं कधीं वडीलही शेजारीं बसतात. मोठा रिचार्ज त्यांनीं पुन्हां केला नाहीं. परवां तो डाव हरला तेव्हां वडिलांनीं विचारलें, "आज काय झालें रे ?" मुलानें वही उघडली, आंकडा पाहिला आणि म्हटलें, "बाबा, आज नेटवर्क चांगलें होतें. चूक माझीच झाली."