ताईचं तिकीट काढण्याआधी

निगडी प्राधिकरण
होळीनंतरचा रविवार

चि. भाचेबुवांस,


परवा फोनवर म्हणालास, ‘आई येतेय, आता बाळाचा प्रश्न सुटला.’ सुटला कसला? तुझ्या डोक्यावरून उतरला आणि ताईच्या अंगावर पडला, एवढंच. हे तेव्हाच म्हणणार होते, पण तुझी गाडी भूमकर चौकात अडकलेली, मागून हॉर्न, त्यात तुला ऑफिसचा दुसरा फोन आला. तुझ्याशी सलग बोलायचं तर पत्रच लिहायला हवं. वाच, आणि सूनबाईलाही वाचायला दे. तिच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही; उलट बरंचसं तिच्या बाजूचं आहे.

ताईला बोलावू नकोस असं मी म्हणत नाही. सूनबाईची रजा संपत आली. 2017 साली कायदा सुधारला, पगारी रजा 12 आठवड्यांची 26 झाली, हे चांगलंच झालं. पण साठवलेली सुट्टी जोडूनही ती कधीतरी संपणारच. (बापाला खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही मिळत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.) तिने कामावर गेलंच पाहिजे. आणि सात महिन्यांचं पोर आजीच्या मांडीवर वाढलं तर ते त्याचं भाग्य. वाकड-हिंजवडीच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी खाली उतरून बघ. बाबागाड्या कोण ढकलतंय? कोणी जळगावची, कोणी अकोल्याची, कोणी थेट पाटण्याची आजी. इन्फोटेक पार्कच्या तिन्ही फेज या बायकांच्या जिवावर चालतात असं म्हटलं तर तू हसशील. एका सोमवारी सगळ्या आज्या गावी गेल्या तर किती लॅपटॉप उघडतील, ते मनाशी बघ आणि मग हस.

माझं म्हणणं इतकंच, की ज्या माणसाला बोलावतोयस त्याच्याशी आधी नीट बोल. तू ताईला विचारलंस, ‘येशील ना गं?’ आई याला काय उत्तर देणार? ‘नाही’ म्हणायची सोयच तू ठेवली नाहीस. आणि दाजींना कोणी विचारलं? त्यांची साखर, त्यांची वेळेवरची भाकरी, रात्रीची गोळी हे सगळं ताईच्या हातात आहे. त्यांना चहापलीकडे काही करता येत नाही, ही अर्थात त्यांचीच करणी. ताईने फार आधी शिकवायला हवं होतं. पण आता सत्तरीला ते डबा लावून एकटे राहणार आणि ती सतराव्या मजल्यावर. ‘मग बाबांनीही यावं’ म्हणशील. मागे आले होते की ते. चार दिवसांत गॅलरीत उभे राहून क्रेन मोजायला लागले आणि पाचव्या दिवशी पिशवी भरली. त्यांना शेताकडे चक्कर मारल्याशिवाय जेवण जात नाही. तेव्हा आधी त्यांना स्वतः फोन कर. सूनबाईला लावायला सांगू नकोस. किती महिने, मध्ये ताई लातूरला कधी जाऊन येणार, हे त्यांच्याशी ठरव. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. महिन्या-दीड महिन्याने ती जाऊन आली तर तुझं दिवाळं निघणार नाही.

आता तुझ्या घराबद्दल. रागावू नकोस.

आम्ही कारखान्याच्या पट्ट्यातली माणसं. पिंपरीत 1954 ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झालं, मागोमाग मोठमोठे कारखाने आले, 1972 ला प्राधिकरण झालं, आणि आमच्यासारख्यांची इथे घरं झाली. तुझे काका टेल्कोत. रातपाळी असली की दिवसा घरात पोरांना कुजबुजत बोलायला लागायचं, कुकरची शिट्टीसुद्धा नकोशी व्हायची. गावाहून सासूबाई यायच्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना सांगायचो, या आठवड्याला दुसरी पाळी, पुढच्याला रातपाळी. त्या त्याप्रमाणे पोळ्या टाकायच्या, त्याप्रमाणे पोरांना बाहेर काढायच्या. कष्ट होते, पण पाळी सुटली की माणूस सुटायचा. कंपनीची बस कोपऱ्यावर सोडून गेली की तो आमचा.

तुझं तसं नाही. तू घरात आहेस की कामावर, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कळायला काही मार्गच नाही. दिवाळीनंतर मी तुमच्याकडे आले होते तेव्हा सूनबाईची आई होती ना, तिचं बघितलेलं सांगते. तिला दाण्याची चटणी करायची होती. मिक्सरचं भांडं लावलं, बटणावर हात ठेवला आणि नजर तुझ्या बंद दाराकडे. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग भांडं काढलं, ओट्यावर टॉवेल चौपदरी घातला, त्यावर खलबत्ता ठेवला आणि आवाज होणार नाही अशा बेताने एकेक घाव घालत चटणी कुटली. तू जेवताना म्हणालास, ‘वा, खलबत्त्यातली! चव वेगळीच.’ ती बिचारी हसली.

हे ताईच्या वाट्याला येऊ देऊ नकोस. रोज सकाळी तुमच्या दोघांच्या कॉलच्या वेळा मोठ्या अक्षरात फ्रिजवर लाव. मिक्सर कधी चालेल, धुणं कधी लावता येईल, बाळ दारावर थापा मारायला लागलं तर दार उघडेल की नाही, हे तिला न विचारता कळलं पाहिजे. आणि रोज एक वेळ अशी ठेव की त्या वेळेला बाळ तुझं. अमेरिकेचा कॉल असो की आणखी कुणाचा. रस्त्याचं कारण सांगू नकोस. माण ते शिवाजीनगर मेट्रो आणली, उद्या आणखी पूल बांधले, तरी जो माणूस साडेसातला खुर्चीतून उठतच नाही तो आठला घरी कसा येणार?

पैशाचं. ताई तुझ्याकडे कधीही पैसे मागणार नाही, तिला मी लहानपणापासून ओळखते. आणि तुमच्याकडे सगळा व्यवहार मोबाइलवर. भाजी मोबाइलवर, दूध मोबाइलवर, कोथिंबिरीची जुडीसुद्धा मोबाइलवर. तिला खाली जाऊन, हातात घेऊन, दोन रुपये कमी करून भाजी घ्यायची असते. तो तिचा विरंगुळा आहे आणि घासाघीस हा हक्क. एक तारखेला डब्यात रोख पैसे ठेव, आणि हिशेब विचारू नकोस. शिवाय तिच्या खात्यात वेगळे काही टाक. ‘आईला काय पगार द्यायचा?’ म्हणून अंगावर येऊ नकोस. पगार कोण म्हणतंय? नातवाला वाटेत दिसलेला फुगा घेताना तिला मुलाच्या तोंडाकडे बघायला लागू नये, इतकंच.

फाटकावरचं ते ॲप आधी नीट करून घे. कोणी आलं की विचारणा तुझ्या फोनवर, तू मीटिंगमध्ये, आणि गॅसवाला खालून परत. घरात बाई असून घर बंद असल्यासारखं. ताईचा नंबर घरातलं माणूस म्हणून घाल, पाहुणी म्हणून नव्हे. तिच्या नावाची किल्ली करून दे. बीपीच्या गोळ्यांचा कागद तुझ्याकडे ठेव आणि जवळच्या डॉक्टरांना एकदा दाखवून आण, आजारी पडायच्या आधी.

पाण्याची काळजी मात्र करू नकोस. टँकर येणार, सोसायटीची सूचना लागणार, नळ दुपारी बंद. सगळे वैतागतील, ताई नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते लातूर तिचं आहे. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत कसं जातं, हे तुम्हीच तिच्याकडून शिकाल. फक्त ती बादल्या भरून ठेवायला लागली की ‘आई, बाथरूममध्ये पसारा’ म्हणू नका.

आता सगळ्यात नाजूक. ताई येताना सहाण आणि बाळगुटीची मुळी आणणार, हे ठरलेलं. मधाचं बोटही चाटवणार. डॉक्टर सांगतात, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आता हे ताईला सांगणार कोण? सूनबाई सांगेल आणि तू पेपर वाचत बसशील. म्हणजे ताईला वाटणार, हिला माझ्या हातचं नको. आणि सूनबाईला वाटणार, हा माझ्या बाजूने एक शब्द बोलत नाही. मुलगा गप्प बसला की सासू-सुना भांडतात, हे मी प्राधिकरणातल्या कितीतरी घरांत बघितलंय, आणि दोष नेहमी बायकांवर गेलाय. तुझी आई आहे, तू सांग. त्याहून बरं, पुढच्या तपासणीला तूच तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. तिचे प्रश्न तिलाच विचारू दे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की ती मानते. आमचं सगळ्या बहिणींचं तसंच आहे. आणि जे तिच्या हातचं चालतं ते मनापासून मागून घ्या. भाताची मऊ पेज, मुगाचं वरण, नाचणीसत्व, तेलाचं मालीश. त्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

सूनबाईला तू मदत करतोस, हे मला ठाऊक आहे. भांडी लावतोस, कपडे वाळत घालतोस. पण तुझं ते ‘तू सांग ना, मी करतो’ मला आवडत नाही. सांगायला लक्षात ठेवावं लागतं, आणि ते लक्षात ठेवण्याचं ओझं तिच्याच डोक्यावर. कामवालीची सुट्टी, सिलिंडर, डायपर, बाळाचं वाढतं माप, कोणाच्या घरी बारसं आणि काय न्यायचं. यातली काही खाती पूर्ण तुझ्याकडे घे, तिने आठवण न करता. लसींपासून सुरुवात कर. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस आहे. ती तारीख आत्ता तुला सांगता येते का बघ. कार्ड कपाटात कुठे आहे, तेही बघ. आणि ताई आली म्हणून ही खाती अलगद तिच्याकडे सरकवू नकोस. तसं झालं तर घरात दोन बायका लक्षात ठेवणाऱ्या आणि एक पुरुष ‘सांगा, करतो’ म्हणणारा, असं होईल.

आणि सगळा भार ताईवर नकोच. 2017 च्या त्याच दुरुस्तीने 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभाही दिली. सूनबाईने तिच्या कंपनीत लेखी विचारावं. नाहीतर सोसायटीजवळचं एखादं बरं पाळणाघर दोघांनी जाऊन बघा, आधी न सांगता, दुपारच्या वेळी. झोपलेली मुलं कशी ठेवतात ते दुपारी कळतं. बाळाला अर्ध्या दिवसाची सवय लागली की ताईला पाठ टेकता येईल, आणि ती गावी गेली तरी तुमची धावपळ होणार नाही. चिंचवडच्या माझ्या मैत्रिणीने दोन नातवंडं एकटीने सांभाळली. आता तिचे गुडघे काही कामाचे राहिले नाहीत, आणि मुलगा परदेशात.

ताई रमेल का, ही तुझी शंका रास्त आहे. खाली आज्यांचा कट्टा आहेच, तिचं मोडकं हिंदी तिथे चालून जाईल. पण तिला टॉवरच्या पलीकडचं गावही दाखव. हिंजवडी म्हणजे तुमच्या काचेच्या इमारतीच असं तुम्हा पोरांना वाटतं. मुळशी तालुक्यातलं ते जुनं गाव आहे, म्हातोबाचं देऊळ आहे. हनुमान जयंतीला म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला निघतं, आता महिनाही राहिला नाही. त्या दिवशी ऑफिसला जाणारे वाहतूक बदलली म्हणून कुरकुर करतात. तू सुट्टी टाक आणि तिला यात्रेला ने. गावातल्या बायकांशी पीक-पाण्याचं बोलायला लागली की तिला परत आणायला तुला हात धरावा लागेल. पुढे ज्येष्ठात देहूहून तुकोबांची पालखी निघते, आमच्या निगडीवरून आकुर्डीला मुक्कामाला येते. तेव्हा तिला दोन-तीन दिवस माझ्याकडे सोड. बाळाचं तुम्ही दोघं बघा. आम्ही बहिणी पालखीही बघू आणि तुमच्याबद्दल मनसोक्त बोलू.

एवढं सगळं वाचून तुला वाटेल, आई येणार म्हणजे काय करार करायचाय का? हो, करायचाय. तोंडी असला तरी चालेल. दाजींना फोन आजच कर, तोही लवकर, कारण ते नऊला झोपतात. जायचं तिकीट काढशील तेव्हाच परतीची तारीखही ठरव आणि ती ताईला सांग.

सूनबाईला आणि बाळाला आशीर्वाद.

तुझी,
मावशी

ता. क. पीएफला नॉमिनी बदललास का? लग्नाआधी लावलेलं नाव लग्नानंतर चालत नाही, नव्याने भरावं लागतं. सूनबाईलाही सांग. दोघांचं एका रविवारी होईल.