वाळल्या लांकडावरचें अळंबें

दोन वर्षांपूर्वीं भाद्रपद महिन्यांत नववीच्या एका विद्यार्थ्यानें दोन वस्तु कागदांत गुंडाळून आमच्या टेबलावर आणून ठेविल्या. एक शेंदरी, पातळ व चामड्यासारखी चिवट. दुसरी तांबूस-तपकिरी, जड व वरून वार्निश दिल्याप्रमाणें चकाकणारी. "सर, ह्या दोन्ही कुत्र्याच्या छत्र्याच ना?" असें त्यानें विचारिलें. प्रश्न साधा होता. परंतु त्याच्या उत्तरावर आवारांतील जुन्या गुलमोहोराचें, आणि त्याच्या सावलींत मधल्या सुटींत डबे सोडून बसणाऱ्या मुलांचें बरेंच कांहीं अवलंबून होतें, हें त्या दिवशीं आमच्याही ध्यानांत आलें नाहीं.

आपलें सोलापूर कोरड्या मुलखांतलें. आषाढांतले ढग पुष्कळदा नुसते दर्शन देऊन पुढें जातात; भरंवशाचा पाऊस सप्टेंबरांतला. त्या ओलीबरोबर बाभूळ, निंब, शिरीष यांच्या वाळल्या फांद्यांवर हीं अळंबीं दिसूं लागतात. भिंतीला फळी ठोकावी तशीं तीं लांकडास एका कडेनें चिकटलेलीं असतात. आपण जें पाहतों तें केवळ फळ होय. खरी बुरशी बारीक तंतूंच्या रूपानें लांकडाच्या आंत पसरलेली असते. तिला हरितद्रव्य नाहीं, स्वतःचें अन्न करितां येत नाहीं. म्हणून तिची गणना आतां वनस्पतींतही करीत नाहींत.

ओळख पटविण्यासाठीं बहुतेक लोक अळंब्याची वरची बाजू पाहतात. आमच्या मतें तें आधीं उलटें करावें. शेंदरी नमुन्याची खालची बाजूही शेंदरीच होती, व भिंग लावितांच तींत सुईच्या टोंकाहूनही बारीक अशीं दाट छिद्रें दिसलीं. याचें शास्त्रीय नांव पिक्नोपोरस सँग्विनियस. दुसऱ्या शब्दाचा अर्थ रक्तवर्ण. दाहक पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकतांच तो रंग काळपट झाला, हीही एक खूण. उन्हानें हें फिकें पडतें, म्हणून जुन्या तुकड्याच्या रंगावर फार विसंबूं नये. खालीं छिद्रांऐवजीं उभ्या चिरलेल्या पाकळ्या व वर पांढुरकी लव असेल तर तें शायझोफायलम. हें उन्हाळ्यांत आकसून पडतें व पाण्यांत टाकतांच पुन्हा उघडतें. आमच्या कपाटांत जानेवारीपासून पडलेला तुकडा जूनमध्यें बशीभर पाण्यांत तासाभरांत उमलला, तेव्हां वर्गांत मोठी गर्दी झाली होती.

आतां दुसरा नमुना. त्याची खालची बाजू पांढरी होती. तिच्यावर काडीनें रेघ ओढली तों ती तपकिरी उमटली. रात्रभर तो पांढऱ्या कागदावर उपडा ठेविला. सकाळीं कागदावर कोकोच्या भुकटीसारखा तपकिरी थर! हीं त्याचीं बीजुकें. शेंदरी अळंब्याचीं बीजुकें पांढरीं असतात. याचें कुल गॅनोडर्मा, म्हणजे चकाकणाऱ्या त्वचेचें. हें नांव कार्स्टेन यांनीं १८८१ सालीं दिलें. पुस्तकांतून यापुढें 'ल्युसिडम' हा शब्द सरसकट जोडितात. परंतु तें नांव १७८१ सालीं इंग्लंडांतील नमुन्यास मिळालेलें आहे. चीनमधील प्रसिद्ध औषधी अळंबें देखील २०१२ सालीं त्यापासून वेगळें काढून त्यास लिंग्झी असें नांव दिलें गेलें. तेव्हां आम्हीं नुसतें गॅनोडर्मा म्हणणेंच पसंत केलें.

येथें आमची चूक कबूल केली पाहिजे. शेंदरी तुकडा पडलेल्या फांदीवरचा होता. चकाकणारा गुलमोहोराच्या बुंध्याशीं, जमिनीलगत उगवला होता. त्याला लागलेली साल वाळलेली पाहून, "मेल्या लांकडावरचें आहे, भिण्याचें कारण नाहीं," असें आम्हीं पहिल्या दिवशीं सांगून टाकिलें. मेलेलें लांकूड जिवंत झाडाच्याच अंगावर होतें, हा विचार आठ दिवसांनीं सुचला. शेंदरी अळंबें मेल्या लांकडावर निर्वाह करितें. गॅनोडर्मा मात्र जखमेवाटे जिवंत मुळांतही शिरतें. त्याच बाजूनें तीन वर्षांपूर्वीं नळाचा चर खणतांना जाड मुळें तोडलीं गेलीं होतीं. झाड हिरवेंगार होतें. तरी ठोकतां पोकळ आवाज आला, व लोखंडी सळई वीतभर सहज आंत गेली.

सावली जाईल म्हणून कांहीं पालकांनीं हरकत घेतली, व ती रास्तही होती. मुलांचें बसणें त्याच दिवशीं दुसरीकडे हालविलें. १९७५ च्या कायद्यानुसार महापालिकेची परवानगी काढून दिवाळीच्या सुटींत झाड उतरविलें. बुंध्याच्या कापांत बाहेरचें चार बोटें लांकूड तेवढें धड. आंत पांढरा, स्पंजासारखा, तंतु सुटलेला भुसा. लांकडाच्या तंतूंना घट्ट बांधून ठेवणारें लिग्निन हें द्रव्य ही बुरशी पचविते, म्हणून अशी पांढरी कुज होते. ज्या बुरशीला लिग्निन पचत नाहीं, तिचें लांकूड तपकिरी पडून चौकोनी तुकड्यांनीं फुटतें. वैशाखांतल्या वळवाच्या वाऱ्यांत त्या झाडाचें काय झालें असतें, हें तो काप पाहिल्यावर कोणी विचारिलें नाहीं.

एका पालकांनीं चकाकणारें अळंबें औषधासाठीं मागितलें. कोंकणांत फणसाच्या खोडावरील फणसांबें उगाळून लहान मुलांच्या लाळगळतीवर लावण्याची चाल आहे. पण तें फेलिनस नांवाचें निराळें कुल. दिसण्यावरून ओळखलेलें कोणतेंही अळंबें घरीं औषध म्हणून वापरूं नये, असें आम्हीं त्यांना स्पष्ट सांगितलें. नमुन्याविषयीं शंकाच असेल तर पुण्यास १९४६ पासून चालत आलेली आघारकर संशोधन संस्था आहे; तेथें बुरशींचा मोठा संग्रह राखिलेला आहे.

गुलमोहोराची एक धड फांदी प्रयोगशाळेमागें ठेविली होती. गेल्या भाद्रपदांत तिच्यावर शेंदरी फळ्यांची रांग आली. तोच विद्यार्थी, आतां दहावींतला, तुकडा उलटा धरूनच वर्गांत शिरला.