आरशाशी भांडणारा मोर

प्रश्न : जळगावच्या कडेला नव्या कॉलनीत राहतो. मागे शेतं आणि नाला. जूनपासून एक मोर रोज येतो नि गाडीच्या आरशावर चोची मारतो. मुलं त्याला पोळी घालतात. पकडून न्यायला कुणाला सांगावं?
– एक वाचक

उत्तर : पकडायची गरज नाही. आरशात त्याला दुसरा नर दिसतो. पावसाळा हा मोरांच्या विणीचा हंगाम. या दिवसांत नराला आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी खपत नाही. आरशांवर कापडी पिशव्या चढवा, भांडण मिटेल. पावसाळा सरता सरता पिसारा गळतो आणि तोराही.

पोळी मात्र आजच बंद करा. खरी अडचण मोराची नाही, पोळीची आहे! भीड चेपलेला मोर हातातलं हिसकावतो, लहान मुलांच्या अंगावर जातो. त्याच्या पायामागचा काटा चांगलाच लागतो. शिवाय कॉलनीतल्या कुत्र्यांना तो आयता सापडतो. शेतात त्याला दाणे, किडे, सरडे, लहानसहान साप मिळतातच.

लांडोर झुडपाआड जमिनीवरच अंडी घालते, सुमारे चार आठवडे उबवते. तेव्हा नाल्याकाठचं गवत इतक्यात साफ करू नका.

मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला स्वतः पकडणं, अंडी उचलणं हा गुन्हा. गळालेली पिसं मुलांनी वहीत ठेवली तर हरकत नाही. जखमी मोर दिसला, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.